बक्षीसपत्रातली एक ओळ

आई-वडिलांनी मुलांच्या नावावर केलेले घर किंवा जमीन परत घेता येते का, हे बहुतेक वेळा दस्तात काय लिहिले आहे त्यावर ठरते. आपल्याकडच्या बक्षीसपत्रांचा साचा ठरलेला आहे: ‘प्रेम व जिव्हाळ्यापोटी’ मिळकत दिली, आजपासून मालक या नात्याने तिचा उपभोग घ्यावा, त्यास माझी किंवा माझ्या वारसांची हरकत राहणार नाही. सांभाळाचा शब्द त्यात नसतो. पोटच्या मुलाकडून तो लिहून घ्यायला संकोच वाटतो, आणि पुढची सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार स्थावर मिळकतीचे बक्षीसपत्र नोंदवावे लागते, त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारावे लागते. एवढे झाले की मालकी गेली. मन बदलले, मुलाशी बिनसले, एवढ्या कारणाने ती परत येत नाही. फसवणूक, जबरदस्ती किंवा गैरवाजवी दबाव टाकून सही घेतली असेल तर दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करून मागता येतो. मात्र त्यासाठी मुदत तीन वर्षांची, आणि ती खरा प्रकार कळल्यापासून मोजतात.

ज्येष्ठांना खरा आधार मिळाला तो 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक पालनपोषण कायद्याने. कलम 23 सांगते, की 60 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीने मूलभूत गरजा आणि देखभाल पुरवण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने किंवा दबावाने झाले असे मानले जाईल. देणाऱ्याची इच्छा असेल तर न्यायाधिकरण ते रद्द ठरवते. हे न्यायाधिकरण म्हणजे महाराष्ट्रात प्रांताधिकाऱ्यांचे कार्यालय. तिथल्या निर्णयावर अपील 60 दिवसांत करता येते. कायदा लागू होण्याआधीच्या दस्तांना मात्र हे कलम उपयोगी पडत नाही.

वाद होतो तो ‘अट’ या शब्दावरून. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील एका आईच्या प्रकरणात सांगितले, की सांभाळाच्या अटीवरच मिळकत दिली होती हे दाखवावे लागते. आई-वडील मायेने देतात तेव्हा मनात अशी अपेक्षा असेलच, असे धरून चालत नाही. कायद्याच्या शब्दांना धरून हे बरोबर असले, तरी घरातल्या व्यवहाराला धरून कठोरच. 2 जानेवारी 2025 च्या निकालात न्यायालयाने थोडे मोकळे धोरण घेतले. त्या प्रकरणात मध्य प्रदेशातल्या एका आईने 2019 मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिले होते आणि मरेपर्यंत सांभाळीन असे वचनपत्र मुलाने वेगळ्या कागदावर दिले होते. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने आईविरुद्ध निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कागद एकत्र वाचले, बक्षीसपत्र रद्द केले आणि 28 फेब्रुवारीपर्यंत ताबा आईला द्यायला सांगितले. गरज पडल्यास न्यायाधिकरण ताबा परत देण्याचा आदेशही काढू शकते, हेही त्यात स्पष्ट झाले.

असा ताबा परत घेताना घरात सून राहत असेल, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा तिचा निवासाचा हक्क ज्येष्ठांच्या कायद्याचा आधार घेऊन सहज डावलता येत नाही.

ज्यांना हयातीत मालकी सोडायची नाही त्यांच्यासाठी मृत्युपत्र सोयीचे. ते मृत्यूनंतरच अमलात येते आणि शुद्धीवर असेपर्यंत कितीही वेळा बदलता येते. बक्षीसपत्रच करायचे असेल, तर ‘घेणार यांनी देणार यांच्या अन्न, वस्त्र, निवारा व औषधपाण्याची सोय हयातभर करावी, न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील’ अशा अर्थाची ओळ वकिलाकडून मसुद्यात घालून घ्यावी, आणि दस्त नोंदवण्याआधी ती तिथे आहे ना, हे स्वतः वाचून पाहावे.