निसर्गोपचार आणि राजकीय संशय

२९ ऑगस्ट २०२० रोजी बर्लिनमध्ये करोनाविषयक निर्बंधांच्या विरोधात जी निदर्शने झाली, त्यांतील गर्दीचे स्वरूप पाहून पुष्कळ निरीक्षक बुचकळ्यात पडले. पोलिसांच्या अंदाजानुसार सुमारे ३८ हजार लोक रस्त्यावर उतरले होते. त्यांत होमिओपॅथीवर श्रद्धा असणारे होते, ध्यानधारणा करणारे होते, मुलांना लस टोचून घेण्यास नकार देणारे आईबाप होते. आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून कैसरच्या काळातील काळे-पांढरे-तांबडे निशाण मिरवणारे कट्टर उजवेही होते. सायंकाळी त्यांपैकी काहीशे लोक राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदभवनाच्या, पायऱ्यांवर चढले. व्यासपीठावरून त्यांना तसे आवाहन करणारी स्त्री व्यवसायाने निसर्गोपचारक होती.

तेव्हापासून युरोपातील सुशिक्षित वर्गात एक संशय बळावला आहे. पर्यायी उपचारांचा पुरस्कार करणाऱ्याच्या मनात अतिउजव्या राजकारणाविषयी छुपी सहानुभूती असते, असा तो संशय. आपल्याकडेही काढा घेणाऱ्याला एका गोटात आणि लसीचा आग्रह धरणाऱ्याला दुसऱ्या गोटात टाकून मोकळे होण्याची घाई दिसते. हा संशय सर्वस्वी निराधार नाही. परंतु तो चुकीच्या ठिकाणी रोखलेला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

इतिहासाची साक्ष

संशयाला आधार देणारा इतिहास जर्मनीचाच आहे. हिटलरचा उपनेता रुडॉल्फ हेस हा निसर्गोपचार व होमिओपॅथी यांचा भक्त होता. ड्रेस्डेन येथील एका मोठ्या रुग्णालयाला १९३४ मध्ये त्याचे नाव देण्यात आले आणि तेथे प्रचलित वैद्यक व निसर्गोपचार यांची सांगड घालण्याचा प्रयोग सुरू झाला. डॉक्टरांचा नाझी प्रमुख गेरहार्ड वाग्नर याने १९३५ मध्ये ‘नव्या जर्मन उपचारशास्त्रा’च्या नावाने अशा पंथांच्या संघटना एका छत्राखाली आणल्या. हाच वाग्नर ज्यू डॉक्टरांना व्यवसायातून हुसकावून लावण्यात अग्रभागी होता. ‘डेर श्ट्युर्मर’ या ज्यूद्वेष्ट्या साप्ताहिकाचा चालक यूलियस श्ट्रायखर याने तर लसीकरण हा जर्मन रक्त नासवण्याचा ज्यूंचा कट आहे, असा प्रचार चालविला. डाखाऊच्या छळछावणीला लागून कैद्यांच्या श्रमांवर औषधी वनस्पतींचा विस्तीर्ण मळा उभा राहिला; त्या मळ्यात राबणाऱ्या कित्येकांना प्राणास मुकावे लागले.

तथापि हीच साक्ष पुढे वाचली की चित्र बदलते. युद्धाची तयारी सुरू झाल्यावर राजवटीला प्रयोगशाळेतील वैद्यकाची निकड भासू लागली आणि वाग्नरची ती संघटना १९३७ मध्ये गुंडाळण्यात आली. १९३९ च्या कायद्याने निसर्गोपचारकांना परवाना दिला, पण त्यांच्या नव्या शिक्षणसंस्थांना मज्जाव केला. पिढीबरोबर हा व्यवसायही संपावा, असा त्यामागचा हेतू होता. (तो कायदा सुधारित स्वरूपात जर्मनीत अद्याप अमलात आहे.) मे १९४१ मध्ये हेस विमानाने स्कॉटलंडला निघून गेल्यावर ज्योतिषी, गूढवादी व श्रद्धोपचारक यांची धरपकड झाली.

आणि पदवीधर डॉक्टरांचे काय? जर्मनीतील निम्म्याच्या जवळपास डॉक्टर नाझी पक्षाचे सभासद होते. न्यूरेंबर्ग येथे १९४६-४७ मध्ये जो डॉक्टरांचा खटला चालला, त्यातील २३ आरोपींपैकी २० जण वैद्यकशास्त्राचे पदवीधर होते. १९३३ च्या कायद्यान्वये सुमारे चार लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाली, तीही याच पदवीधरांच्या शिफारशींनी आणि त्यांच्याच शस्त्रांनी. पाला देणाऱ्याचे राजकारण पाल्यावरून ओळखायचे असेल, तर इंजेक्शन देणाऱ्याचे राजकारण इंजेक्शनवरून का ओळखू नये?

तीच माती, निराळा हेतू

या प्रश्नात माझा स्वतःचाही थोडा गुंतवळा आहे. आमचे आजोबा रोज पहाटे टबात बसून कटिस्नान घेत आणि पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधीत. अंगावर खादी असे. त्यांना कोणी अतिउजवे म्हटले असते, तर ते हसले असते. पण त्यांच्या उपचारांचा उगम जर्मनीतच होता. कटिस्नानाचा पुरस्कर्ता लुई कुन्हे लाइपझिगचा. मातीच्या उपचारांचा पुरस्कर्ता अडॉल्फ जुस्ट हार्झ पर्वतातला. गांधीजींनी दोघांची पुस्तके दक्षिण आफ्रिकेत असताना वाचली, प्रयोग स्वतःवर केले, आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे कार्य सुरू केले.

माती तीच, पाणी तेच. मग भेद कोठे होता? भेद आरोग्य कोणासाठी, या प्रश्नात होता. नाझी राजवटीत आरोग्य हे व्यक्तीचे वंशाप्रती असलेले कर्तव्य होते. जो निरोगी होऊ शकत नाही, तो वंशाला भार. उरुळीत उपचार होता तो खेड्यातल्या दरिद्री माणसासाठी, ज्याला डॉक्टरची फी परवडत नाही त्याच्यासाठी. कुन्हेच्या काही दाव्यांना विज्ञानाचा आधार नाही, हे मी आजोबांच्या स्मृतीचा मान राखूनही म्हणेन. पण चुकीचा उपचार आणि दुष्ट राजकारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अविश्वासाची बाजारपेठ

मग बर्लिनच्या रस्त्यावर ती दोन माणसे एकत्र आली कशी? येथे अर्थशास्त्राची थोडी मदत होते. केनेथ ॲरो यांनी १९६३ मधील एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, वैद्यकीय सेवा ही इतर मालासारखी नसते. आंबा गोड निघाला की नाही हे गिऱ्हाईकाला खाल्ल्यावर कळते; औषधाने बरे वाटले की आपोआप, हे रोग्याला नंतरही कळत नाही. म्हणून या बाजारात विश्वास हेच मुख्य भांडवल असते, आणि परवाना, पदवी, व्यावसायिक नीती या संस्था त्या विश्वासासाठी निर्माण होतात.

या संस्थांच्या बाहेर उभा असलेल्या विक्रेत्यापुढे दोन मार्ग असतात. एक, आपल्या उपचाराचा पुरावा देणे. तो कष्टाचा आणि खर्चाचा. दुसरा, आत असलेल्यांवरचा ग्राहकाचा विश्वास उडविणे; तो स्वस्त. डॉक्टर विकले गेले आहेत, सरकार सामील आहे, वृत्तपत्रे गप्प आहेत, हे ग्राहकाच्या मनात एकदा ठसले की तो पुढचा प्रश्न विचारणारच: या सगळ्यांच्या मागे कोण आहे? आणि या प्रश्नाचे उत्तर अतिउजव्यांजवळ शंभर वर्षांपासून तयार आहे.

रीके गेर्ड हामर या जर्मन डॉक्टरचे उदाहरण बोलके आहे. कर्करोग मानसिक आघातातून होतो, असा त्याचा सिद्धांत होता. १९८६ मध्ये त्याचा वैद्यकीचा परवाना रद्द झाला. पुढे आपल्या पद्धतीचे नामकरण त्याने ‘जर्मानिक नवे वैद्यक’ असे केले आणि ज्यू डॉक्टर आपल्या लोकांना या पद्धतीने बरे करतात व इतरांना केमोथेरपीने मारतात, असे तो सांगू लागला. सिद्धांत आधी आला, शत्रू मागाहून.

बाझेल विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये या निदर्शकांची जी पाहणी केली, तिच्यातही असाच प्रवास दिसतो. सुमारे १,१५० उत्तरदात्यांपैकी २३ टक्क्यांनी २०१७ मध्ये ग्रीन पक्षाला, १८ टक्क्यांनी डाव्या पक्षाला आणि १५ टक्क्यांनी एएफडी या उजव्या पक्षाला मत दिले होते; पुढच्या निवडणुकीत एएफडीला मत देऊ म्हणणारे २७ टक्के निघाले. नमुना आपणहून उत्तरे देणाऱ्यांचा असल्याने त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण छुपी सहानुभूती उघड झाली, यापेक्षा नवी सहानुभूती घडत गेली, या निष्कर्षाशी हे आकडे अधिक जुळतात.

हा अविश्वास केवळ अपप्रचाराची निर्मिती आहे, असे मानणेही अप्रामाणिक ठरेल. थॅलिडोमाइड हे औषध जर्मनीत १९५७ ते १९६१ या काळात निर्धोक म्हणून विकले गेले आणि जगात हजारो बालके व्यंग घेऊन जन्माला आली. रुग्णालयातील बिल हाती पडल्यावर ज्याची झोप उडते आणि ज्याच्याशी डॉक्टर दोन मिनिटेही बोलत नाही, तो माणूस ज्याला ऐकून घ्यायला वेळ आहे त्याच्याकडे जाणारच. त्याच्यावर राजकीय शिक्का मारून आपण त्याला नेमके कोणाच्या हाती सोपवतो, याचा विचार व्हावा.

म्हणून संशय घ्यायचाच तर तो औषधावर घेऊ नये. उपचारक आपल्या अपयशाची चौकशी होऊ देतो की नाही, दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्यास रोग्याला मनाई करतो की काय, आणि मुख्य म्हणजे रोगाचा दोष तो एखाद्या जातीच्या, धर्माच्या वा वंशाच्या माथी मारतो काय, हे पाहावे. यातले शेवटचे लक्षण दिसले, तर हातात काढा असो की स्टेथॉस्कोप, सावध झाले पाहिजे. ते दिसत नसेल, तर त्या उपचाराचा गुणदोष वैद्यकाच्या कसोटीवर ठरवावा, आणि माणसाच्या राजकारणाविषयी त्यालाच विचारावे.