पाइपमधून आवाज येतोय? टाइल्स फोडण्याआधी हे तपासा

भिंतीतल्या पाइपमधून आवाज यायला लागला की प्लंबर आधी टाइल्स फोडायचं बोलतो. पण बहुतेक वेळा कारण न फोडताही कळतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बग आला की आमचा पहिला प्रश्न असतो, ‘हा नेमका कधी येतो?’ इथेही तोच विचारायचा.

नळ बंद केल्यावर ‘धाड’

याला वॉटर हॅमर म्हणतात. वाहतं पाणी अचानक अडलं की दाबाची लाट पाइपमध्ये मागे-पुढे आपटते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९८ मध्ये याचं गणित मांडलं. सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी क्षणात थांबलं, तर लोखंडी पाइपमध्ये १२ बारहून जास्त आणि सीपीव्हीसीमध्ये साधारण ५ बार जादा दाब येऊ शकतो. तुलनेसाठी, १० मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब फक्त १ बार असतो! घरातले व्हॉल्व्ह इतके झटपट बंद होत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात धक्का कमी बसतो. पण रोज बसला तर जोड सैल होतात.

वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह झटक्यात मिटतो, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर घ्या. आमच्याकडे मशीनचा अँगल कॉक थोडा बंद केल्यावर आवाज बराच कमी झाला. उघडा पाइप हलत असेल तर क्लॅम्प मारून घ्या.

नळ अर्धवट उघडा असताना शिट्टी

पाणी अरुंद फटीतून जातंय. वायसर झिजलाय किंवा जाळीत कचरा अडकलाय. स्वस्तातलं काम आहे.

पाणी आल्यावर फुर्र-फुर्र

टाकी रिकामी झाली होती आणि पाइपमध्ये हवा शिरली. सगळे नळ हळूहळू उघडून हवा जाऊ द्या. टाकी भरलेली असूनही रोज असं होत असेल, तर हवा कुठून शिरते ते शोधावं लागेल.

गरम पाणी सुरू केल्यावर टक-टक

पाइप तापून लांब होतोय. ३ मीटरचा सीपीव्हीसी पाइप ३० अंशांनी तापला तर सुमारे ६ मिलिमीटर वाढतो आणि भिंतीला किंवा क्लॅम्पला घासतो. सहसा धोका नसतो. खुद्द गीझर खदखदत असेल, तर आत क्षार साचलेले असू शकतात. सर्व्हिसिंग करून घ्या. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी टपकतं म्हणून तो कधीही बुच मारून बंद करू नका.

सगळं बंद असताना बारीक ‘सस्स’

हा आवाज सगळ्यात हळू, पण दुर्लक्ष करू नये असा. कुठेतरी पाणी गळतंय. आधी फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर गळती तिथेच आहे. नसेल तर रात्री घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. आवाज थांबला तर गळती तुमच्याच लाइनवर आहे. चालूच राहिला तर सोसायटीच्या किंवा शेजारच्या. मग एकेका बाथरूमचा कॉक बंद करत जा. जो बंद केल्यावर आवाज थांबेल, ती लाइन धरा.

भिंतीला ओल आली असेल आणि जवळ स्विचबोर्ड असेल, तर आधी मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. बाकी वेळी आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा, कधी येतो ते लिहून ठेवा आणि प्लंबरला दाखवा. फोडायची वेळ आलीच, तर एक-दोन टाइल्सवर भागेल.