तानसाच्या सागवनातील रानपिंगळा

शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांत वाढलेल्या कोणालाही पिंगळा अपरिचित नाही. जुन्या आंब्याच्या ढोलीतून पिवळ्या डोळ्यांनी टकमक पाहणारे आणि तिन्हीसांजेला कलकलाट करणारे ते लहानसे घुबड. त्याचाच दुर्मीळ नातेवाईक, रानपिंगळा, आपल्या तानसा अभयारण्यात आहे, हे मात्र पक्षिअभ्यासकांना २०१४ साली कळले. त्यापूर्वी पश्चिम घाटात त्याची नोंद नव्हती.

या पक्ष्याचा पूर्वेतिहास विलक्षण आहे. १८७२ साली ब्लुइट यांना आजच्या छत्तीसगडमध्ये त्याचा पहिला नमुना मिळाला व पुढील वर्षी ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर तो कोणाच्या हाती लागला नाही. संग्रहालयांत त्याचे अवघे सात नमुने उरले. मग मायनर्ट्‌झहागेन या नामांकित इंग्रज पक्षितज्ज्ञाने तो आपल्याला १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे मिळाल्याचा दावा केला आणि त्याच्या लौकिकामुळे तो खराही मानला गेला. पामेला रासमुसेन यांनी ते कातडे बारकाईने तपासले, तेव्हा ते खानदेशात डेव्हिडसन यांनी मिळवलेल्या जुन्या नमुन्यांपैकी एक असून, संग्रहालयातून चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावल्याचे उघड झाले. केवळ थोरामोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, हा तथागतांचा कालामांना केलेला उपदेश येथे आठवल्यावाचून राहत नाही. ती खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन व त्यांचे दोन सहकारी जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांच्यासमोर बसलेला होता. मध्ये ११३ वर्षे गेली होती!

तो ओळखावा कसा? प्रथम माथा पाहावा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याचा माथा व पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, राखट तपकिरी असते. छातीचा वरचा भाग गडद तपकिरी, पोटाचा मध्यभाग स्वच्छ पांढरा, शेपटीवर रुंद पट्टे, पाय दणकट व पांढऱ्या पिसांचे. जंगली पिंगळा म्हणून आणखी एक आहे. त्याच्या डोक्यासह सर्वांगावर बारीक आडव्या रेषा असतात. रानपिंगळा दिवसाही शिकार करतो. हिवाळ्यातील सकाळी निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो आणि शेपटी झटक्याने इकडून तिकडे हलवतो.

पिंगळ्याच्या ओरडण्यावरून शकुन-अपशकुन पाहण्याची खोड आपल्याकडून अद्याप पुरती गेलेली नाही. घुबडे त्यापायी मारली जातात. वस्तुतः उंदीर खाणारा हा शेतकऱ्याचा सोबती. वणवा आणि ढोलीच्या जुन्या झाडांची तोड हीदेखील मोठी संकटे आहेत, कारण त्याचे घरटे ढोलीतच असते.

सहलीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बोलावू नये. लांबूनच पाहावे आणि वहीत वेळ, जागा, झाडाचे नाव लिहावे. माथ्यावर ठिपके होते की नव्हते, हे तर अवश्य लिहावे. नीट दिसले नसेल, तर तसेच नमूद करावे.