कोयना : भिंतीच्या कडेनं वाहणारी नदी

सह्याद्रीत उगम पावणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक नद्या उगमापासूनच पूर्वेची वाट धरतात. कोयनेचं तसं नाही. महाबळेश्वरच्या ज्या थंड पठारावर हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, तिथून ती कृष्णेच्या बरोबरीनं निघते आणि थेट दक्षिणेला जाते. सुमारे ६५ किलोमीटर ती सह्याद्रीच्या कण्याला समांतर वाहते. डाव्या हाताला एक डोंगररांग, उजव्या हाताला कण्याची भिंत, आणि भिंतीपलीकडे एकदम खाली कोकण. तापोळा-बामणोलीच्या पलीकडच्या गावांना तर धरण झाल्यापासून कित्येक वर्षं लाँच हीच एसटी होती! पुढे हेळवाकला नदी काटकोनात पूर्वेला वळते आणि पाटणवरून येऊन कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर भेटते.

हेळवाकच्या या वळणाच्या अलीकडेच धरण बांधलं गेलं. त्याची क्षमता १०५ टीएमसी. नदी कड्याच्या इतकी जवळ असल्यामुळे डोंगरातून बोगदा काढून पाणी पोफळीला साडेचारशे मीटरहून अधिक खाली सोडता आलं आणि वीज मिळाली. वीज करून झालेलं पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. एरवी तेच पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. अर्थात हवं तेवढं पाणी पश्चिमेला वळवता येत नाही. बच्छावत लवादानं त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली.

आता आपल्या कोल्हापूरचा यात संबंध काय? कोयनेचे सहा वक्र दरवाजे उचलले की कृष्णा फुगते. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, पण कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. शिरोळ तालुक्यानं हे २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये भोगलं. दोष एकट्या कोयनेचा नाही. वारणा आहे, राधानगरी आहे, आपल्याकडचा पाऊसही आहे.

मग पुराचं पाणी बोगद्यातून कोकणात का सोडत नाहीत, असं दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतंच. प्रश्न रास्त आहे. एक तर बोगद्यांतून किती पाणी जाऊ शकतं हे ठरलेलं. दरवाज्यांतून जाणाऱ्या लोंढ्यापुढे ते थोडंच. दुसरं म्हणजे कण्याच्या दोन्ही अंगांना पाऊस एकाच वेळी कोसळतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं, आणि त्याच आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली होती.