खिशातील चाकू : अल्पमोली वस्तूंच्या संग्रहाची अभ्यासदृष्टी

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात मांडलेले दिवे आणि अडकित्ते ज्यांनी पाहिले असतील, त्यांना घरगुती वापराची वस्तू हे इतिहासाचे साधन होऊ शकते, हे निराळे सांगावयास नको. कै. दि. गं. केळकर यांनी नित्याच्या वापरातील वस्तूंकडे ज्या आस्थेने पाहिले, त्याच आस्थेने पाहण्याजोगी आणखी एक वस्तू म्हणजे पाते मुठीत मिटणारा खिशातील चाकू. फळ कापणे, दोरी तोडणे, पेन्सिल तासणे एवढीच त्याची कामे. शस्त्र म्हणून त्याला प्रतिष्ठा नाही आणि अलंकार म्हणून मोल नाही. तथापि नेमक्या याच कारणामुळे त्याचा संग्रह अल्प खर्चात करता येतो आणि एकाच प्रकारचे अनेक नमुने शेजारी ठेवून त्यांची तुलना करता येते. असा संग्रह छंदाच्या पातळीवरून अभ्यासाच्या पातळीवर कसा जातो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चाकूच्या वर्गीकरणाचा पहिला निकष त्याचा सांधा होय. मूठ आणि पाते यांना जोडणाऱ्या खिळ्याभोवती पाते फिरते, परंतु उघडल्यावर ते स्थिर कसे राहावे, या प्रश्नाची तीन उत्तरे परंपरेने दिलेली आढळतात. पहिले उत्तर केवळ घर्षणाचे. जपानमधील ह्योगो प्रांतातील मिकी या गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होत आलेला ‘हिगोनोकामी’ हा चाकू त्याचे उत्तम उदाहरण आहे. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक खिळा आणि पात्याच्या मागे निघालेली छोटी दांडी एवढेच त्याचे भाग. ही दांडी अंगठ्याने दाबून धरली की पाते मिटत नाही. दुसरे उत्तर कमानीचे. इंग्लंडमधील शेफील्डच्या परंपरेत मुठीच्या पाठीत पोलादी पट्टी बसविलेली असते आणि ती पात्याच्या बुडख्यावर, म्हणजे मुठीत बसणाऱ्या जाड भागावर, सतत दाब देते. हा चाकू उघडा राहतो, पण जोर लावल्यास मिटतो. तिसरे उत्तर कुलपाचे. फ्रान्सच्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा चाकू घडविला. त्याचा सांधाही प्रारंभी घर्षणाचाच होता. १९५५ मध्ये त्याला फिरते धातूचे कडे जोडले गेले आणि उघडलेले पाते पक्के अडकविण्याची सोय झाली.

आता या शेवटच्या उदाहरणावरून कालनिर्णय करू पाहणाऱ्याने काय करावे, ते पाहू. कडे नसलेला ओपिनेल हाती आला तर तो १९५५ पूर्वीचा, असे अनुमान सहज सुचते. परंतु १८९७ पासून हा चाकू क्रमांकवार आकारांत होत आला आहे आणि क्रमांक २ ते ५ या लहान आकारांना आजही कडे नसते. म्हणून हे अनुमान क्रमांक ६ व त्यापुढील आकारांपुरतेच ग्राह्य ठरते. एखाद्या खुणेचा अभाव हा पुरावा केव्हा होतो आणि केव्हा होत नाही, हा ऐतिहासिक पद्धतीतील जुना प्रश्न येथे तळहातावर मावणाऱ्या वस्तूत उभा राहतो.

दुसरा निकष शिक्क्याचा. पात्यावर किंवा त्याच्या बुडख्यावर उमटविलेली अक्षरे आणि चिन्हे हा चाकूचा शिलालेखच होय. शेफील्ड परिसरातील कारागिरांचा संघ १६२४ मध्ये कायद्याने स्थापन झाला आणि कारागिरांच्या चिन्हांची नोंद ठेवणे हे त्याचे एक प्रमुख कार्य होते. पुढे परकी मालावर देशी नावे घालून विकण्याच्या तक्रारी वाढल्या आणि ब्रिटनने १८८७ मध्ये व्यापारचिन्हांविषयी कायदा केला. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने तेथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव असणे आवश्यक केले. त्यामुळे शेफील्डच्या पात्यावर ‘इंग्लंड’ हा शब्द दिसल्यास तो चाकू बहुधा १८९० नंतरचा मानता येतो. मात्र तो शब्द नसल्यास उलट अनुमान काढता येणार नाही, कारण मायदेशी विकावयाच्या मालाला ते बंधन नव्हते. जर्मनीत ‘झोलिंगेन’ या नगरनामालाच १९३८ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले.

शिक्क्यावरून वर्षापर्यंत पोहोचता येते असेही एक उदाहरण आहे. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातील ब्रॅडफर्ड येथील ‘केस’ या कारखान्याने १९७० मध्ये आपल्या शिक्क्याखाली दहा ठिपके घातले आणि त्यानंतर प्रतिवर्षी एकेक ठिपका कमी केला. म्हणजे सहा ठिपक्यांचा चाकू १९७४ चा. नाण्यांच्या अभ्यासकाला टांकसाळीची खूण जशी उपयोगी पडते, तशीच ही खूण होय. फरक इतकाच की येथे ती साध्या कामकऱ्याच्या खिशात वावरलेली असते.

तिसरा निकष द्रव्याचा. ओपिनेलच्या परंपरागत पोलादात कार्बनचे प्रमाण सुमारे ०.९ टक्के असते. असे पोलाद फळांच्या आम्लाने आणि हाताच्या घामाने हळूहळू करडे-निळसर होते. न गंजणारे पोलाद शेफील्ड येथे हॅरी ब्रीअर्ली यांनी १९१३ मध्ये सिद्ध केले आणि त्यांच्या त्या पोलादात सुमारे १२.८ टक्के क्रोमियम होते. अर्थात पाते मूळचेच असेल, तर अशा पोलादाचा शेफील्डचा चाकू त्या वर्षापूर्वीचा असणे संभवत नाही.

येथेच नवशिक्या संग्राहकाकडून होणाऱ्या सर्वांत मोठ्या हानीचा विचार केला पाहिजे. जुना चाकू हाती येताच तो घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह होतो. त्या घासण्यात शिक्क्याची अक्षरे झिजतात, करडी झाक जाते आणि पात्याच्या धारेचा मूळ वळसा बदलतो. क्रमांक ८ च्या ओपिनेलचे पाते मुळात साडेआठ सेंटिमीटर लांबीचे असते. तेच पाते साडेसात सेंटिमीटर आणि मध्यभागी खोलगट झालेले आढळले, तर ती उणीव म्हणजे अनेक वर्षे दगडावर धार लावल्याची नोंद होय. जुना पुरालेख कोणी साबणाने धुऊन काढीत नाही, तेच तारतम्य येथे हवे. तांबडा गंज मात्र धातू खातो. तो तेल लावून मऊ कापडाने हलकेच काढावा आणि तेवढ्यावर थांबावे. कोकणासारख्या दमट हवेत पात्यावर खनिज तेलाचा पातळ थर असावा. चाकू चामड्याच्या म्यानात साठवू नये, कारण चामडे ओलावा धरून ठेवते. सेल्युलॉइडच्या जुन्या मुठी वेगळ्या ठेवाव्यात. ते द्रव्य विघटन पावताना आम्लधर्मी वायू सोडते आणि शेजारच्या निर्दोष पात्यांनाही गंज चढतो.

संग्रह आणि साठा यांतील भेद अखेर नोंदीत आहे. प्रत्येक चाकूला क्रमांक द्यावा आणि तो चाकूवर न कोरता दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर लिहावा. वहीत सांध्याचा प्रकार, पात्याची लांबी, मुठीचे द्रव्य, शिक्क्यातील मजकूर जसाच्या तसा, मिळाल्याचे स्थळ, दिनांक आणि किंमत लिहावी. आधीचा मालक भेटल्यास त्याने तो कशासाठी वापरला, हेही त्याच्याच शब्दांत टिपावे. कायद्याचेही भान असावे. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतच्या, न अडकणाऱ्या पात्याचा मिटता चाकू सार्वजनिक ठिकाणी सकारण नसतानाही बाळगता येतो, पण पाते अडकविणाऱ्या चाकूला ती सवलत नाही. आपल्याकडेही शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियम व अधिसूचना पाहूनच खरेदी व प्रवास करावा.

ही नोंद अगत्याची का, याचे उत्तर पुन्हा मिकी गावाकडे नेते. एके काळी जपानमधील शाळकरी मुले पेन्सिल तासण्यासाठी हिगोनोकामी वापरीत. १२ ऑक्टोबर १९६० रोजी समाजवादी नेते इनेजिरो आसानुमा यांची एका सतरा वर्षांच्या तरुणाने जाहीर सभेत हत्या केली. शस्त्र हिगोनोकामी नव्हते, ती आखूड तलवार होती. तरीही मुलांच्या हाती पाते देऊ नये, अशी चळवळ देशभर पसरली. पेन्सिल तासण्याची यंत्रेही त्याच सुमारास रूढ होत गेली. मागणी आटली, कार्यशाळा एकामागून एक बंद झाल्या आणि आज ते नाव परंपरेने चालविणारी कार्यशाळा एकच उरली आहे. तिचा साधा चाकू अजूनही अल्प किमतीत मिळतो.

मूल्यवान तलवारीच्या जतनाची काळजी राजवाडे आणि संग्रहालये घेतात. स्वस्त वस्तू मात्र वापरून झिजते, हरवते, मोडीत जाते आणि तिच्याबरोबर ती घडविणाऱ्याचे व वापरणाऱ्याचे ज्ञानही लोपते. वस्तू एखादे वेळी पुन्हा सापडेल, पण ‘हा कशासाठी वापरीत होता?’ या प्रश्नाचे उत्तर देणारा मनुष्य पुन्हा सापडणार नाही. विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी आजोबांचा एखादा जुना चाकू पडून असेल, त्यांनी तो घासण्यापूर्वी वही उघडावी आणि घरातील वडीलधाऱ्यांना हा प्रश्न विचारावा. संग्रहाचा आरंभ करण्यास तेवढे पुरेसे आहे.