तुंबलेली मोरी आणि खाडीची भरती

धरमतरच्या खाडीकाठी आमचे जुने कौलारू घर आहे. गणपतीला आम्ही सगळे भाऊबंद तिथे जमतो. काही वर्षांपूर्वी चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी, ऐन पंगतीच्या वेळी स्वयंपाकघरातली मोरी तुंबली. तेलकट, खरकटे पाणी मागे फिरून फरशीवर आले.

घाईघाईत मी एक सूचना केली. तिची आजही लाज वाटते. अंगणातल्या चेंबरपुढे सांडपाण्याचा जुना, बंद खड्डा आहे. ‘झाकण काढा आणि या पोराला आत उतरवा,’ असे मी म्हणालो. शेजारचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा तयारही झाला. आमच्या आत्याने मात्र त्याचा दंड धरला. म्हणाली, ‘आधी पाणी कुठे अडलंय ते तर बघा!’

त्या एका वाक्याने अनर्थ टळला. बंद खड्ड्यात कुजणाऱ्या घाणीतून विषारी वायू निघतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू जास्त असला तर नाक बधिर होते आणि वासही कळत नाही. माणूस आत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. गटारे आणि सेप्टिक टाक्या संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून साफ करून घेण्यास 2013च्या कायद्याने बंदी आहे. घरचा खड्डा आहे म्हणून हा वायू कमी घातक होत नाही.

मग आम्ही शोध सुरू केला. ‘उधाण आहे, ओहोटी लागली की पाणी जाईल,’ असे एक काका म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. अमावास्येनंतर चारच दिवसांनी चतुर्थी येते, तेव्हा भरतीला जोर असतो. सखल खारेपाटात त्या वेळी जमिनीतले पाणी वर येते आणि खड्डा पाणी शोषेनासा होतो. पण ओहोटी लागली तरी मोरी तशीच! शिवाय न्हाणीघराचे पाणी त्याच चेंबरमध्ये सुरळीत पडत होते. म्हणजे दोष खाडीचा नव्हता, खड्ड्याचाही नव्हता. मोरीपासून चेंबरपर्यंतचा बिडाचा पाइपच बुजला होता.

असे का होते? थंडीत खोबरेल बाटलीत थिजते, हे आपण पाहतो. साधारण 24 अंशांखाली ते गोठते. वनस्पती तूप आणि मटणाची चरबी तर त्याहून जास्त उष्णतेतही घट्टच राहतात. कढईतून गरम असताना ओतलेले तूप पाइपात पोचताच निवते आणि गंजाने खडबडीत झालेल्या बिडाला चिकटते. त्यात आमच्याकडचे पाणी मचूळ. त्यातले क्षार आणि चरबी मिळून न विरघळणारा, साबणासारखा घट्ट थर बनतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात 2017 साली असाच सुमारे 250 मीटर लांबीचा, 130 टनांचा गोळा सापडला होता. आमचा गोळा हातभर होता, एवढाच फरक!

तो काढला तो असा. साचलेले पाणी आधी बादलीत उपसले. जाळी काढून तिच्याखालचा गाळ हाताने काढला. मग अंगणातून, चेंबरच्या बाजूने, बांबूची लांब लवचीक पट्टी पाइपात सारली आणि हळूहळू मागेपुढे केली. मेणासारखे पिवळट तुकडे बाहेर पडले. ते उचलून पुरून टाकले. पुढे ढकलले असते, तर खड्डा बुजला असता. शेवटी बादलीभर कढत पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून दोनदा ओतले. तुमचा पाइप प्लास्टिकचा असेल, तर उकळते पाणी ओतू नका. तो मऊ पडून वाकतो.

अॅसिड ओतण्याचा मोह टाळावा. ते चरबी विरघळवत नाही, बीड मात्र खाते. मोरीत आधी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल, तर घरात विषारी क्लोरीन वायू पसरतो.

आत्याचे म्हणणे, ‘राखेनं भांडी घासायचो तेव्हा मोरी तुंबत नव्हती.’ ते खरेच आहे. राखेतला क्षार तेल सोडवतो. पण तेव्हा पाणी उघड्या पन्हळीतून केळी-अळवाकडे जायचे, थर साचला तर खराट्याने निघायचा. आज पाइपात राख गेली, तर ती तळाशी बसेल. त्यापेक्षा तेलकट भांडे घासण्याआधी जुन्या कागदाने पुसावे, उरलेले तळण मोरीत ओतू नये आणि जाळी रोज झाडावी. आमची मोरी तेव्हापासून तुंबलेली नाही.

तो मुलगा आता पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. दर चतुर्थीला घरी येतो, आत्याच्या पाया पडतो आणि हसत विचारतो, ‘मोरी बरी आहे ना?’