सिनेमा केला, पण दाखवायचा कुठे?

मैत्रिणींनो, बचत गट चालवणाऱ्या कुणालाही विचारा, पापड लाटले की निम्मंच काम होतं. उरलेलं निम्मं म्हणजे ते चार घरी पोचवणं. चव कितीही चांगली असू दे, दुकानदार ओळखीचा नसेल तर माल पडून राहतो. सिनेमाचंही तसंच. त्यातून तो पंधरा मिनिटांचा, ना धड गोष्ट ना गाणी असा प्रायोगिक लघुपट असेल, तर थिएटरवाला दारातही उभं करत नाही.

असा सिनेमा करून तो स्वतःच लोकांपर्यंत नेणारी एक बाई होऊन गेली. तिचं नाव माया डेरेन. जन्म १९१७ चा, कीव्ह शहरातला. लहानपणीच ती आईवडिलांबरोबर अमेरिकेत आली. वडील गेल्यावर त्यांच्यामागे जो पैसा आला, त्यातून तिनं एक जुना, सोळा मिलिमीटरचा कॅमेरा घेतला. नवरा अलेक्झांडर हॅमिड छायाचित्रणातला जाणकार. १९४३ मध्ये दोघांनी लॉस एंजेलिसच्या राहत्या घरातच ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ हा चौदा मिनिटांचा मूकपट केला. एक किल्ली, एक सुरी, एक फूल आणि बाईला दुपारी पडलेलं स्वप्न. त्यातली बाई म्हणजे स्वतः मायाच. खर्च पावणेतीनशे डॉलरच्या आसपास. हॉलिवूड नुसत्या लिपस्टिकवर जेवढं उधळतं तेवढ्यात माझा सिनेमा होतो, असं ती म्हणायची!

पण हा सिनेमा घेणार कोण? कुणी घेईल म्हणून माया वाट बघत बसली नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये तिनं न्यूयॉर्कमधलं प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस हे छोटं नाट्यगृह भाड्यानं घेतलं आणि आपले तीन लघुपट लोकांना दाखवले. पुढे ती कॉलेजांतून व्याख्यानं द्यायची, सोबत सिनेमा दाखवायची, त्याच्या प्रती भाड्यानं पाठवायची. वितरक तीच, हिशेबनीस तीच. त्याच वर्षी तिला गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली आणि १९४७ मध्ये कान महोत्सवात गौरव झाला. तरी पैशाची चणचण काही सुटली नाही. मग १९५० च्या दशकात तिनं प्रायोगिक सिनेमा करणाऱ्या इतरांना मदत व्हावी म्हणून ‘क्रिएटिव्ह फिल्म फाउंडेशन’ काढलं. स्वतःची ओढाताण असताना दुसऱ्याचा विचार करणं सोपं का असतं?

तिचं बघून अमोस फोगेल यांनी पत्नी मार्सिया यांच्यासह १९४७ मध्ये ‘सिनेमा १६’ ही संस्था सुरू केली. पद्धत अगदी आपल्या गावच्या वाचनालयासारखी. वर्गणी भरा, सभासद व्हा आणि वर्षभर सिनेमे बघा. पैसे आधीच हातात आल्यानं अनोळखी सिनेमा दाखवायची धास्ती कमी झाली. खेळ फक्त सभासदांसाठी, त्यामुळे सेन्सॉरचा काचही टळला. पुढे सभासद हजारोंच्या घरात गेले. १९६३ पर्यंत ही संस्था चालली.

माया १९६१ मध्ये अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली. १९९० मध्ये तिचा तो घरगुती सिनेमा अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवडला गेला.

आज आपल्या मुलीबाळी मोबाइलवर लघुपट करतात आणि तो चढवायला इंटरनेटवर पैसाही पडत नाही. पण कुणी शांतपणे बसून बघावा, चार शब्द बोलावेत, पुढच्या कामाला हातभार लावावा, ही अडचण आजही आहेच. आपल्याकडे महिला मंडळाचा हॉल आहे, एखादा प्रोजेक्टर भाड्यानं मिळतो. हळदीकुंकवाला वाण देतो त्याऐवजी एखाद्या वर्षी गावातल्याच मुलीचा लघुपट का दाखवू नये? दहा-दहा रुपये काढले तर तिच्या पुढच्या प्रवासखर्चाला होतील. आणि हो, सिनेमा नाहीच कळला तर तिलाच विचारा. तिला कौतुकाइतकीच त्या प्रश्नाचीही गरज असते.